एकट्याच्या व्यवसायासाठी लिंक्डइन प्रोफाइल: क्लायंटला तुम्ही सापडावं म्हणून काय काय करायचं

मी यंत्रांची मॅन्युअल्स लिहिते. एखादी कंपनी पॅकिंगचं किंवा कटिंगचं यंत्र बनवते. ते कसं बसवायचं, कसं चालवायचं, बंद पडलं तर आधी काय तपासायचं, हे ऑपरेटरला कळेल अशा भाषेत मांडून देणं हे माझं काम. नोकरी सोडून एकटीने हे सुरू केलं तेव्हा लिंक्डइनवर माझं खातं होतंच, कधीतरी नोकरी शोधताना उघडलेलं. मी त्यात एकच बदल केला. हुद्द्याच्या जागी ‘संस्थापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी’ असं टाकलं. कंपनीत माणूस एकच, तो म्हणजे मी. दोन दिवस अभिनंदनाचे संदेश आले. त्यानंतर आठ महिने एकही चौकशी आली नाही.

लिंक्डइन 2003 मध्ये सुरू झालं तेव्हापासून त्याचा सांगाडा बायोडेटाचा आहे: अनुभव, शिक्षण, कौशल्यं. आपण रकाने भरत जातो आणि नकळत नोकरी मागणाऱ्याचं प्रोफाइल तयार होतं. नोकरी देणारा बघतो की या माणसाने आजवर काय काय केलं. क्लायंटला त्याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याचं काहीतरी अडलेलं असतं आणि समोरची व्यक्ती ते सोडवेल का, एवढंच त्याला बघायचं असतं. मला हे उशिरा कळलं. खालच्या बहुतेक पायऱ्या या एका फरकातूनच निघालेल्या आहेत.

आधी एवढं हाताशी ठेवा

- चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो, किमान 400 × 400 पिक्सेल
- प्रोफाइलच्या वरच्या पट्टीसाठी आडवं चित्र, 1584 × 396 पिक्सेल
- कामाचे दोन-तीन नमुने आणि ते दाखवायची लेखी परवानगी (ईमेलमधलं ‘हो, दाखवा’ पुरतं)
- जुन्या क्लायंटांचे किंवा नोकरीतल्या वरिष्ठांचे ईमेल, ज्यात त्यांनी काम सांगितलंय किंवा तक्रार केलीय
- शिफारस लिहू शकतील अशा तीन माणसांची नावं
- कोरी वही किंवा साधी शीट

पैसे भरून घेतलेलं प्रीमियम खातं या यादीत नाही. सुरुवातीला त्याची गरज पडत नाही.

1. प्रोफाइलला हात लावण्याआधी जुने ईमेल वाचा

मी माझ्या कामाला ‘तांत्रिक संज्ञापन’ म्हणत असे. छान भारदस्त शब्द. पण ईमेल चाळले तर एकाही क्लायंटने तो कधी वापरलेला नव्हता. त्यांचे शब्द असे होते: ‘मॅन्युअल करून हवंय’, ‘आहे ते कोणी वाचत नाही’, ‘तीच तीच शंका विचारायला गिऱ्हाइकाचे फोन येतात’. माणूस जे बोलतो तेच शोधतो. ‘तांत्रिक संज्ञापन’ असं शोधणारे भेटले ते सगळे माझ्यासारखेच लेखक, म्हणजे काम देणारे नव्हेत, काम शोधणारे.

तेव्हा असे दहा-बारा शब्दप्रयोग जसेच्या तसे वहीत उतरवा. मग त्यातून एक वाक्य बनवा: कोणासाठी, काय करता आणि त्याने त्यांचं काय सुटतं. माझं झालं ते असं: ‘यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांसाठी ऑपरेटरला कळतील अशी मॅन्युअल्स लिहिते, म्हणजे सर्व्हिस विभागाचे फोन कमी होतात.’

इथे हमखास भीती वाटते, की एवढं नेमकं लिहिलं तर बाकीची कामं जातील. मलाही वाटली. म्हणून मी आधी ‘लेखन, संपादन, भाषांतर, सादरीकरण, प्रशिक्षण’ अशी पाच कामांची माळ लावली होती. तिच्यातून एकही काम आलं नाही. एका विषयासाठी आलेला क्लायंट पुढे बाकीचीही कामं विचारतो. सगळ्याच विषयांसाठी मात्र कोणी येत नाही.

2. एक सेटिंग बंद करा

सेटिंग्जमध्ये, हुद्दा किंवा शिक्षण बदललं की ओळखीच्यांना कळवायचं का, असा पर्याय असतो. दुरुस्त्या चालू असेपर्यंत तो बंद ठेवा. नाहीतर तुम्ही शब्द जुळवत बसता आणि तिकडे लोक अभिनंदन करू लागतात. सेटिंग्जमध्येच दोन टप्प्यांची सुरक्षाही (पासवर्डनंतर आणखी एक कोड) सुरू करून टाका. या खात्यावर तुमची रोजीरोटी चालणार आहे.

3. हेडलाइन

नावाखालची ही ओळ 220 अक्षरांपर्यंत लिहिता येते. ती फक्त प्रोफाइलवर दिसत नाही. शोधाच्या निकालात, तुमच्या प्रत्येक कमेंटच्या वर, तुम्ही पाठवलेल्या आमंत्रणात, सगळीकडे ती तुमच्या नावासोबत फिरते, आणि बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचे काही शब्दच दिसतात. म्हणून कामाचा शब्द अगदी आधी. ‘उत्कट’, ‘ध्येयवेडी’, ‘शब्दांची जादूगार’ वगैरे असेल तर काढून टाका.

एक खास आपली अडचण. देवनागरीत लिहाल तर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘किंमत’ आपल्या दृष्टीने तीन अक्षरं, पण मोजणीत पाच. 220 वाटतात तेवढे उरत नाहीत.

आणि भाषा कोणती? क्लायंट ज्या भाषेत काम सांगतो ती. माझी कामं इंग्रजीतून येतात, म्हणून मुख्य प्रोफाइल इंग्रजीत आहे. त्याला जोडून दुसऱ्या भाषेतलं प्रोफाइलही ठेवता येतं. मात्र एकाच हेडलाइनमध्ये दोन्ही भाषा कोंबल्या की ना इकडचा वाचक पूर्ण वाचतो, ना तिकडचा.

4. फोटो, नाव, लिंक

हे पटकन उरका. फोटोत चेहरा बहुतेक चौकट भरेल एवढा मोठा हवा. मोबाइलवर तो नखाएवढा दिसतो. वरच्या पट्टीत पहिल्या पायरीतलं वाक्य टाका, सूर्योदयाचं चित्र नको. नावाच्या रकान्यात फक्त नाव; तिथे चिन्हं किंवा फोन नंबर टाकणं नियमात बसत नाही. प्रोफाइलच्या पत्त्याच्या शेवटी आकड्यांची शेपटी असेल तर ती काढून स्वतःचं नाव ठेवा, आणि हे आत्ताच करा. कोटेशनवर आणि सहीखाली तो पत्ता एकदा गेला की बदलणं जिवावर येतं. हिरव्या गोलातली ‘ओपन टू वर्क’ची पट्टी मात्र लावू नका, ती नोकरी शोधणाऱ्यांसाठी आहे. आपल्यासाठी सेवा देत असल्याचं नोंदवायचा वेगळा विभाग असतो, तो भरा.

5. ‘अबाउट’: पहिल्या तीन ओळी

‘अबाउट’ म्हणजे प्रोफाइलमधला स्वतःबद्दल लिहायचा विभाग. इथे 2600 अक्षरं मिळतात, पण वाचणाऱ्याला आधी दोन-तीन ओळीच दिसतात. पुढचं वाचायला त्याला ‘आणखी’वर बोट ठेवावं लागतं. तेव्हा नमनाला घडाभर तेल घालायची ही जागा नव्हे. माझी जुनी सुरुवात अशी होती:

‘मला लहानपणापासून भाषेची आवड आहे. बारा वर्षांच्या अनुभवात मी विविध क्षेत्रांत...’

आणि आताची:

‘यंत्र विकलं जातं, मॅन्युअल सोबत जातं आणि तरीही तिसऱ्या दिवशी फोन येतो: हे सुरू कसं करायचं? बहुतेक वेळा उत्तर मॅन्युअलमध्ये असतं, पण चुकीच्या पानावर.’

दुसऱ्यात मी कुठेच नाही. वाचणारा आहे, त्याचा तिसऱ्या दिवशीचा फोन आहे. मी त्याच्या खाली येते: काम कसं करते (आधी यंत्राशेजारी उभी राहून ऑपरेटरला चालवताना बघते, मग लिहायला बसते), कोणतं काम घेत नाही (जाहिरातीचा मजकूर) आणि शेवटी ईमेल पत्ता, ‘चालू मॅन्युअलची चार पानं पाठवा’ या एका वाक्यासह. घेत नसलेली कामं लिहाच. त्याने निरुपयोगी चौकशा कमी होतात आणि उरलेल्या गोष्टींवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

इथला सगळा मजकूर प्रथमपुरुषी ठेवा. एकट्या माणसाने ‘आमची टीम’ म्हणायचं आणि पहिल्याच फोनवर ‘टीममध्ये किती जण?’ या प्रश्नाला अडखळायचं, हा प्रसंग मी ओढवून घेतलेला आहे.

6. नमुने: वेळ घालवायची तर इथे घालवा

‘फीचर्ड’ या विभागात कागदपत्रं, चित्रं, लिंक लावता येतात. माझ्या प्रोफाइलमधला सगळ्यात कामाचा भाग हाच. तिथे पहिलं आहे ते एकच पान, आधीचं आणि नंतरचं, शेजारी शेजारी. आधीच्या पानावर पाते बदलण्याच्या सूचना होत्या. सातवी सूचना: ‘संरक्षक झाकण उघडा.’ नववी सूचना: ‘त्यापूर्वी वीजपुरवठा बंद केल्याची खात्री करा.’ ऑपरेटर एकेक ओळ वाचून तसं करत जाणार. नवव्या ओळीवर येईपर्यंत त्याचा हात आत गेलेला असणार. नंतरच्या पानावर पहिलीच ओळ चौकटीत आहे: ‘मुख्य स्विच बंद करा. कुलूप लावा. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.’ बदल एवढाच. कौशल्याच्या रकान्यात काहीही लिहिलं तरी हे पान जे सांगतं ते त्यातून सांगता आलं नसतं.

तुमचं काम वेगळं असेल: हिशोब, डिझाइन, कोडिंग, भाषांतर. ‘आधी’ आणि ‘नंतर’ प्रत्येकात असतं. ते एका नजरेत दिसलं पाहिजे. चाळीस पानांची फाइल लावली तर कोणी उघडत नाही.

इथला सापळा गोपनीयतेचा. मी त्या पानावरून कंपनीचं नाव, बोधचिन्ह, मॉडेल क्रमांक, सगळं झाकलं, समाधानाने फाइल चढवली आणि दोन दिवसांनी लक्षात आलं, की फाइलच्या नावातच क्लायंटचं नाव आहे. ताबडतोब काढली आणि त्यांना स्वतःहून कळवलं. त्यांनी मोठ्या मनाने घेतलं, सगळेच घेतील असं नाही. झाकलेला मजकूर फाइलमध्ये खाली तसाच राहिला नाही ना, फाइलच्या गुणधर्मांत कोणाचं नाव नाही ना, हेही बघा. सरळ उपाय म्हणजे पानाचं चित्र काढून तेच चढवायचं. आणि परवानगी नसेल तर स्वतःच कल्पित उत्पादन घेऊन नमुना बनवा, पण तो कल्पित आहे हे त्यावर लिहा.

जुन्या नोकऱ्या पुसू नका, फक्त प्रत्येकीचं वर्णन दोन-तीन ओळींवर आणा: तुमच्या तिथल्या कामाने काय सुधारलं, एवढंच.

7. शिफारशी मागायची रीत

‘माझ्यासाठी दोन ओळी लिहाल का?’ असं विचारलं की ‘अत्यंत मेहनती, वेळेची पक्की’ असं येतं. ते खोटं नसतं, पण ते कोणालाही लागू पडतं. चूक लिहिणाऱ्याची नाही. कोऱ्या चौकटीपुढे सगळ्यांनाच हे सुचतं. म्हणून प्रश्न देऊन मागा. मी असं लिहिते:

‘सर, मॅन्युअल बदलण्याआधी सर्व्हिस विभागाला नेमका कशाचा त्रास होता आणि बदलल्यावर त्यात काय फरक पडला, एवढंच तीन-चार ओळींत लिहाल का? माझं कौतुक नसलं तरी चालेल.’

शेवटच्या वाक्याने लोक सुटे होतात आणि मोजकं, खरं लिहितात. काम संपून महिनाभरात मागा. वर्षाने त्यांनाही आठवत नाही. आलेली शिफारस तुम्ही मान्य केल्यावरच प्रोफाइलवर दिसते, आणि काही चुकलं असेल तर दुरुस्तीसाठी परत पाठवायची सोय आहे. ‘तू मला दे, मी तुला देते’ हा व्यवहार टाळा. कोणी कोणाला शिफारस दिली हे दोन्हीकडे दिसतं आणि वाचणारे दुधखुळे नसतात.

कौशल्यांवर एका क्लिकने मिळणारी शाबासकी वेगळी. ती आली तर येऊ द्या, तिच्या मागे लागू नका.

8. माणसं जोडणं

प्रोफाइल कितीही नेटकं केलं तरी आपोआप कोणी येत नाही. आधी ठरवा की निर्णय कोण घेतं. मी सुरुवातीला भराभर लेखकांना जोडत गेले, कारण तेच पटकन स्वीकारतात. गप्पा उत्तम झाल्या. पण माझं काम ठरवतात ते सर्व्हिस विभागाचे प्रमुख आणि उत्पादन सांभाळणारे लोक. तेव्हा रोज दोन-तीन अशी माणसं शोधायची, शक्यतो आपल्या ओळखीच्यांच्या ओळखीतली.

मोफत खात्यावर आमंत्रणासोबत 200 अक्षरांपर्यंतच चिठ्ठी जोडता येते, आणि अशा चिठ्ठ्यांची संख्याही मर्यादित असते. म्हणून त्या खऱ्या गरजेच्या माणसांसाठी राखा. ‘मला आपल्या नेटवर्कमध्ये सामील करून घ्या’ यात चिठ्ठी फुकट घालवू नका. त्यापेक्षा हे बघा: ‘सुट्या भागांच्या नावांवरची तुमची पोस्ट वाचली. एकाच भागाला तीन नावं हा घोळ मीही रोज बघते.’ यात काहीच मागितलेलं नाही, आणि नेमकं तेच हवं. आमंत्रण स्वीकारल्याच्या दुसऱ्या मिनिटाला सेवांची यादी पाठवणाऱ्याला लोक गप्प करून टाकतात, मीही टाकते.

आपोआप आमंत्रणं आणि संदेश पाठवणारी साधनं विकायला लोक येतील. अशी साधनं वापरणं लिंक्डइनच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यापायी खात्यावर बंधनं येऊ शकतात. हातानेसुद्धा एका बसणीत शंभर आमंत्रणं पाठवू नका. न स्वीकारलेली जुनी आमंत्रणं अधूनमधून मागे घ्या, पण विचार करून: मागे घेतलं की त्याच व्यक्तीला लगेच पुन्हा पाठवता येत नाही, तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं.

9. पोस्ट आणि कमेंट

आठवड्याला एक पोस्ट पुरते. कामातली एक चूक, ती का होते, ती कशी सुधारायची. झाकण आणि स्विचची गोष्ट मी अशीच लिहिली होती. अकरा लाइक आले, त्यातले नऊ लेखक मंडळींचे. मी नाद सोडून दिला होता. तीन आठवड्यांनी एका सर्व्हिस प्रमुखांचा संदेश आला: ‘आमचं मॅन्युअल काढून बघितलं. आमच्याकडेही असंच आहे. बघाल का?’ त्यांनी लाइक केलेलं नव्हतं, कमेंट नव्हती, आम्ही एकमेकांना जोडलेलेही नव्हतो. माझे बरेचसे क्लायंट असेच गुपचूप वाचणारे निघाले. तेव्हा लाइक मोजून पोस्टची किंमत ठरवू नका.

पोस्टपेक्षा कमेंटवर माझा जास्त भरवसा आहे. ज्यांच्यापर्यंत पोचायचं ते जिथे लिहितात तिथे खाली जाऊन एखादी कामाची भर घाला: आकडा, अनुभव, उलट बाजू. ‘खूप छान मांडलंत’ हे त्यांनाही वाचायला बरं वाटतं, पण तुम्ही कोण हे त्यातून कोणाला कळत नाही.

10. चौकशी आली, आता?

त्याच दिवशी उत्तर द्या आणि पैशाआधी तीन गोष्टी विचारा: आत्ता काय आहे, केव्हापर्यंत हवं, मंजुरी कोण देणार. तिसरा प्रश्न विसरू नका. मी एकदा महिनाभर ज्यांच्याशी बोलत होते, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. मग फोन, आणि फोननंतर लेखी कोटेशन ईमेलवर: कामाची व्याप्ती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, तारीख, आगाऊ रक्कम. ‘कामाला लागा, कागद मागाहून करू’ म्हणणाऱ्यांना नम्रपणे थांबवा.

फसवणूकही इथेच होते. समोरच्याचं प्रोफाइल काल-परवा उघडलेलं आहे का, त्यांचा ईमेल कंपनीच्या नावाचा आहे का, हे बघा. ओळखपाळख नसताना आलेली ‘कामाची माहिती’ म्हणून उघडायला सांगितलेली फाइल उघडू नका. चुकून जास्त पैसे पाठवले, फरक परत करा, असं कोणी म्हणालं तर समजून जा. मोबाइलवर आलेला कोड मागणारा क्लायंट नसतो. आणि ‘नमुन्यादाखल आधी दहा पानं फुकट’ ही फसवणूक नसेलही, पण नमुने आपण सहाव्या पायरीत लावलेत ते कशासाठी?

11. वही

माझ्या वहीत चार रकाने आहेत: तारीख, कोण, काय हवं होतं, कुठून आले. दर तीन महिन्यांनी शेवटचा रकाना वाचून मी नमुने आणि हेडलाइन बदलते. त्याच वेळी सेटिंग्जमधून आपल्या माहितीची प्रत उतरवून ठेवते. जोडलेल्या माणसांची यादी तिच्यात मिळते, आणि उद्या खातं अडकलंच तर ती आपल्याकडे असलेली बरी.

शेवटचा रकाना रिकामा राहिला तर मी सरळ विचारते. एक गृहस्थ म्हणाले, ‘तुमचं ते आधी-नंतरचं पान कधीतरी उतरवून ठेवलं होतं. काम निघालं तेव्हा पान सापडलं, पण ते कोणाचं हे आठवेना. तासभर शोधत होतो.’ फाइलमधून क्लायंटची नावं काढण्याच्या भरात मी माझंही काढून टाकलं होतं. आता प्रत्येक नमुन्याच्या तळाला माझं नाव, ईमेल आणि प्रोफाइलचा पत्ता असतो.